रोजकीर्द आहे, खतावणी नाही

माझ्या शेजारी बसणाऱ्या कन्नड मित्राला आडनावच नाही. नावाआधी गावाचे व वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, एवढेच. अर्जातल्या ‘आडनाव’ या रकान्यात त्याने वडिलांचे नाव लिहिले. उद्या त्याच्या नातवाने वंशावळ काढायची म्हटली तर काय होईल? या विचाराने मी वेल्सच्या नावांकडे वळलो. तिथे ही पंचाईत साऱ्या देशाची झाली आहे.

वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ देश. तिथे पूर्वी आडनाव नसे. स्वतःचे नाव, मग ‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’, मग बापाचे नाव. पुढे स्वर आला तर ‘अब’, मुलीसाठी ‘व्हेर्ख’. १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला, इंग्रजी कारभार आला आणि हळूहळू नावे गोठू लागली. अप ऱ्हिसचा प्राइस झाला, अप हॉवेलचा पॉवेल, अब ओवेनचा बोवेन. जॉनचा मुलगा तो जोन्स. असे जोन्स गावोगाव झाले, एकमेकांशी काडीचे नाते नसताना! काही भागांत तर जुनी रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. समजा, मॉर्गनचा मुलगा इव्हान मॉर्गन, त्याचा मुलगा डेव्हिड इव्हान, त्याचा मॉर्गन डेव्हिड. तीन पिढ्या, तीन ‘आडनावे’.

मग माग काढायचा कसा? १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीला, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम दिला. वेल्समधल्या पुष्कळ जुन्या वह्या आता उरलेल्या नाहीत. तिथे बिशपकडे पाठवलेल्या नकला कामी येतात. त्या ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत ही वही म्हणजे रोजकीर्द. नोंदी तारखेवार, माणसाचे खाते कुठेच उघडलेले नाही. खतावणी शोधणाऱ्याने स्वतः करायची, आणि तीही उलटी, नातवाकडून आजोबाकडे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव मिळते, मग त्या बापाचा विवाह शोधायचा. बायका लग्नानंतरही बापाचेच नाव लावत, त्यामुळे त्यांचे दफन नवऱ्याच्या नावाखाली सापडेलच असे नाही. (आमच्याकडे लग्न होताच बाईचे मधले नावसुद्धा बदलते. मला वेल्सची रीत अधिक बरी वाटते.) एकाच पॅरिशमध्ये दोन इव्हान मॉर्गन निघाले तर नोंदीतले शेतवाडीचे नावच त्यांना वेगळे करते.

नावे जुळली तरी फसगत होते. मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव देत. दफनाची वही पाहिली नाही, तर तान्हेपणी गेलेले बाळ आपला पूर्वज ठरते! तारखांचेही तसेच. १७५२ पूर्वी तिथले सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. लग्न मे १७२० आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० असे दिसले, म्हणून आईबापांना नावे ठेवू नयेत. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२१ चा.

हे सारे मी मित्राला सांगितले. त्याने घरी जाऊन आजोबांना विचारले. ज्या गावाचे आद्याक्षर तो लावतो, ते गाव आजोबांनीही कधी पाहिलेले नव्हते.