विश्लेषण : अक्षय्य तृतीयेच्या ताटासाठी परसबागेत काय, कधी लावावे? सायखेड्याच्या उन्हाचे गणित काय?

यंदा अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला आहे. २०२४ मध्ये ती १० मे रोजी होती आणि २०२५ मध्ये ३० एप्रिलला. म्हणजे दोन वर्षांत सण तब्बल तीन आठवडे अलीकडे आला. निफाड तालुक्यातील सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावात याचा परिणाम परसात आणि गच्चीवर दिसतो. कारण भेंडी-गवारीला आणि आंब्याला पंचांग कळत नाही. तारीख बदलली तर पेरणीची आणि कुरडयांची तारीखही बदलावी लागते.

सण मागे-पुढे का होतो?

चंद्राच्या बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. सूर्यवर्षापेक्षा ते ११ दिवसांनी कमी पडते. त्यामुळे सण दरवर्षी तेवढे अलीकडे येतात. ही तूट भरून काढण्यासाठी साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो. यंदा अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीया पुन्हा मे महिन्यात जाईल. यंदाची घाई यंदापुरतीच आहे.

ताटात काय असते?

खानदेशात हा सण आखाजी म्हणून ओळखला जातो आणि सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. नाशिक जिल्ह्यातही पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर पुजतात. तिच्यावर आंबा किंवा खरबूज ठेवतात. नैवेद्याला पुरणपोळी, आमरस, सार-भात, भजी, कुरडई आणि पापड असतो. पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा तोंडाला न लावण्याची रीत अजून अनेक घरांत पाळली जाते.

१९ एप्रिलला बाजारात प्रामुख्याने कोकणचा हापूस असतो आणि त्याचा भाव चढा असतो. बांधावरचा गावरान आंबा उतरायला त्यानंतर महिना तरी लागतो. मात्र कैरी मिळते. त्यामुळे पन्हे आणि आंबेडाळ घरच्या झाडावर भागते.

१९ एप्रिलसाठी कधी पेरायचे?

सणाच्या तारखेपासून मागे दिवस मोजावेत.

• भेंडी, गवार : पहिल्या तोड्याला साधारण ४५ ते ५० दिवस. १ मार्चपर्यंत बी टोकावे.
• काकडी : ४५ दिवसांच्या आसपास. मार्चच्या पहिल्या आठवड्यात.
• कोथिंबीर : ३५ ते ४० दिवस. १० मार्चच्या सुमारास, सावलीच्या बाजूला.
• मेथी, तांदुळजा : २५ ते ३० दिवस. २० मार्चला पेरले तरी चालते.
• लाल भोपळा : तीन महिन्यांहून अधिक. यंदाची वेळ गेली, बाजारातून आणावा.

भज्यांसाठी आणि वड्यांसाठी अळू हवा असेल तर त्याला सतत ओल लागते. जुन्या घरांत अळू आणि केळ मोरीच्या पाण्यावर लावत, त्याचे कारण हेच. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी आजही तिकडे वळवता येते. साबणाचे पाणी मात्र वेगळे काढावे.

उन्हाळ्यात नेमके काय बिघडते?

निफाड परिसर हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत थंड भागांपैकी एक असतो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. हिवाळ्यात भरभरून येणारी कोथिंबीर एप्रिलमध्ये लगेच फुलावर येते, कारण उष्णता आणि मोठा दिवस तिला बी धरण्याचा इशारा देतात. टोमॅटोचे परागकण ३५ अंशांच्या पुढे निकामी होऊ लागतात. फुले येतात आणि गळतात. भेंडी, गवार आणि चवळी हा ताप सोसतात.

काकडी-दोडक्याला फुले भरपूर, पण फळ नाही, ही तक्रारही नेहमीची. उष्णता वाढली की या वेलींवर नर फुले जास्त येतात. त्यात भर दुपारी मधमाश्या कमी फिरतात. सकाळी लवकर नर फुलातला पराग मादी फुलाला हाताने लावला तर फळ धरते. मादी फूल ओळखणे सोपे आहे. त्याच्या मागे इवलीशी काकडी असते.

पाणी किती लागते?

ऐन उन्हाळ्यात या भागात दिवसाला साधारण ६ ते ८ मिलिमीटर पाणी जमीन आणि पानांवाटे उडून जाते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. तो पूर्ण हिरवा असेल तर त्याला दिवसाला ५५ ते ७५ लिटर पाणी हवे, म्हणजे १५ लिटरच्या चार-पाच बादल्या. एवढे पाणी रोज देणे शक्य नसेल तर वाफा अर्धा करावा. आहे त्या वाफ्यावर उसाचे पाचट किंवा गव्हाचे काड अंथरावे. काळ्या जमिनीला उन्हात भेगा पडतात आणि त्यातून खालची ओलही जाते. आच्छादनाने ती अडते. पाणी सकाळी लवकर द्यावे. दुपारच्या उन्हासाठी ५० टक्के सावलीचे शेडनेट किंवा जुनी सुती साडीही पुरते.

हीच कोरडी हवा कुरडईला का लागते?

परसातले पाणी पळवणारी हवा गच्चीवर मात्र हवीहवीशी असते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात आणि पाणी रोज बदलतात. या काळात दाणा मऊ पडतो, किंचित आंबतो आणि वाटल्यावर त्यातला चीक चोथ्यापासून सुटा होतो. रात्रभर निवळल्यावर वरचे पाणी ओतून देतात आणि खालचा चीक मीठ, हिंग घालून शिजवतात. शिजताना पिठूळ कण पाणी पिऊन फुगतात आणि चीक पारदर्शक होतो. सोऱ्यातून घातलेली कुरडई कडक वाळली तरी तिच्यात थोडा ओलावा उरतो. गरम तेलात त्याची एकदम वाफ होते आणि कुरडई फुलते. नीट न वाळलेली कुरडई तळताना कडक राहते आणि डब्यात तिला बुरशी येते.

ढग आले तर?

मार्च-एप्रिलमधला अवकाळी पाऊस कांदा आणि द्राक्षांइतकाच कुरडयांचाही घात करतो. तीन दिवस भिजवण, दोन-तीन दिवस वाळवण, म्हणजे आठवडाभराचे काम असते. वर्षभराचा साठा आणि माहेरवाशिणीला द्यायचा डबा त्यावर अवलंबून असतो. म्हणून गहू भिजवण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचा नाशिक जिल्ह्यासाठीचा पुढील काही दिवसांचा इशारा पाहावा. यंदा सण लवकर असल्याने मार्चचा दुसरा पंधरवडा गाठलेला बरा. म्हणजे एक घाणा फसला तरी दुसऱ्याला वेळ उरतो.

कुरडया घातल्यावर आभाळ आले तर त्या घरात, पंख्याखाली सुटसुटीत पसराव्यात आणि ऊन पडताच उलटवून वाळवाव्यात. चीक काढून झाल्यावरच पाऊस लागला, तर त्याचा कुरडईचा हट्ट सोडावा. तूप, गूळ आणि दूध घालून गरम चीक ताटलीत वाढावा. घरातली मुले तर त्याचीच वाट पाहत असतात.