विद्यापीठाचा दुसरा जमाखर्च

वर्ष सरले की प्रत्येक विद्यापीठाचा अहवाल प्रसिद्ध होतो. किती विद्यार्थी परीक्षेस बसले, किती उत्तीर्ण झाले, किती प्रबंध मान्य झाले, अनुदान किती मिळाले आणि ते कोणत्या बाबींवर खर्ची पडले, याची तपशीलवार कोष्टके त्यात असतात. पैशाच्या हिशेबात एका रुपयाची तफावत आली तरी लेखापरीक्षक पान अडवून धरतो. पण त्याच वर्षात विद्यापीठाच्या पंख्यांसाठी व दिव्यांसाठी कोळसा किती जळाला, भोजनगृहांतून किती अन्न उकिरड्यावर गेले, प्रयोगशाळांतील उरलेली रसायने कोठे गेली, असे कोणी विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. रुपयांची खतावणी भरलेली आणि धुराची व कचऱ्याची कोरी, अशी ही स्थिती आहे. ही दुसरी खतावणी कशी लिहावी, याचे एक रीतसर शास्त्र गेल्या काही दशकांत तयार झाले असून ते समजण्यास सामान्य अंकगणिताहून अधिक काही लागत नाही.

हे शास्त्र समजून घेण्यास रायपूरसारखे दुसरे योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसाला हे शहर परके नाही. आज ते छत्तीसगडची राजधानी आहे आणि विद्येचे केंद्रही. येथील खाणकाम व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय १९५६ साली निघाले. तेच पुढे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाले. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ सालचे, तर इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ १९८७ सालचे. या विद्यामंदिरांपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर कोरबा आहे. तेथे दगडी कोळशाच्या विस्तीर्ण खाणी आहेत आणि तो कोळसा जाळून वीज निर्माण करणारी प्रचंड केंद्रे आहेत. त्यांपैकी राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे एकच केंद्र २,६०० मेगावॉट क्षमतेचे आहे. दिल्लीच्या किंवा मुंबईच्या विद्यार्थ्याला वीज भिंतीतून येते असे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. रायपूरच्या विद्यार्थ्याला मात्र ती कोठून येते हे दिसते.

प्रथम मोजायचे काय, ते पाहिले पाहिजे. कोळसा, डिझेल, गॅस ही इंधने जळली की त्यांतील कर्ब हवेतील प्राणवायूशी संयोग पावून कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, तयार होतो. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो आणि त्याचे प्रमाण वाढल्यास हवामान तापेल, हे गणित स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ सालीच मांडले होते. हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली त्याचे नियमित मापन सुरू केले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. दुसरा महत्त्वाचा वायू मिथेन. तो पाणथळ भातखाचरांतून आणि पुरलेल्या ओल्या कचऱ्यातून निघतो, व शंभर वर्षांच्या काळाचा विचार केला तर वजनास वजन तो कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. खतांपासून निघणारा नायट्रस ऑक्साइड तर सुमारे २७० पट प्रभावी आहे. सोने, चांदी आणि तांबे यांची किंमत जशी रुपयांत एकत्र करता येते, तसे हे सर्व वायू कर्बवायूच्या तुल्य वजनात मांडून त्यांची गोळाबेरीज करता येते.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. धूर तराजूत कसा घालावा? त्याचे उत्तर असे की धूर मोजावा लागत नाही. इंधनाची पावती पुरते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ७३० ग्रॅम कर्ब असतो. कर्बाच्या प्रत्येक १२ भागांपासून कर्बवायूचे ४४ भाग होतात. म्हणून एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कर्बवायू हवेत जातो. तो मूळ इंधनापेक्षा जड भरतो, कारण त्यातील प्राणवायू हवेतून आलेला असतो. अशा रीतीने काढलेल्या आकड्यास उत्सर्जन-गुणक म्हणतात. प्रत्येक इंधनाचा गुणक ठरलेला असल्यामुळे खरेदीची नोंद चोख असेल, तर उरलेले काम गुणाकाराचे.

या हिशेबाची सर्वमान्य पद्धत २००१ साली प्रसिद्ध झाली. मूळची ती व्यापारी संस्थांसाठी. पण विद्यापीठांनाही ती चपखल बसते. तिच्यात तीन वह्या असतात.

पहिल्या वहीत, संस्थेच्या स्वतःच्या आवारात व वाहनांत जे जळते किंवा गळते ते सारे येते. वीज गेल्यावर चालणारे जनित्र, विद्यार्थ्यांच्या बसगाड्या, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील गॅस. तेथील एकोणीस किलोचा एक सिलिंडर संपला की सुमारे ५७ किलो कर्बवायूची नोंद करावी. वातानुकूलन यंत्रांतील शीतक वायूही याच वहीत येतो, आणि तो बहुधा विसरला जातो. आर-४१०ए या नावाचा शीतक एक किलो गळाला, तर तो सुमारे दोन टन कर्बवायूच्या बरोबरीचा ठरतो. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने यंत्रात किती वायू भरला, हे त्याच्या बिलावर लिहून घेतले तरी हे पान भरते.

दुसरी वही विकत घेतलेल्या विजेची. वीज कोणत्या केंद्रातून आली हे तारेवरून ओळखता येत नाही. देशभराचे जाळे एकच आहे. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी साऱ्या जाळ्याचा सरासरी गुणक प्रसिद्ध करते. अलीकडे तो एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो आहे. हे आकडे किती बोलके आहेत ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका वसतिगृह-समूहात एक हजार पंखे आहेत. प्रत्येक पंखा ७५ वॉटचा असून रोज बारा तास, वर्षातून दोनशे दिवस फिरतो. त्यांची वर्षाची वीज १,८०,००० युनिट भरेल आणि कर्बवायू १२६ टन. त्याच जागी ३० वॉटचे नवे पंखे बसविले, तर तो सुमारे ५० टनांवर येईल. वारा तोच, उन्हाळा तोच. वाचले सुमारे ७५ टन.

तिसरी वही सर्वांत लांब आणि सर्वांत कठीण. संस्थेच्या कामासाठी, परंतु तिच्या आवाराबाहेर जे घडते ते हिच्यात लिहावयाचे. दुर्ग, भिलाई, धमतरी, महासमुंद येथून रोज ये-जा करणारे विद्यार्थी, परिषदांना विमानाने जाणारे प्राध्यापक, कागद, संगणक, नव्या इमारतींचे सिमेंट व लोखंड, आणि शेवटी कचरा. येथे पावत्या पुरत नाहीत. प्रश्नावली काढून कोण किती अंतरावरून, कोणत्या वाहनाने येतो ते विचारावे लागते. रेल्वेने येणारा विद्यार्थी आणि एकटा मोटारीतून येणारा अध्यापक यांच्या खात्यांत पडणारे अंतर पाहिले, की विद्यापीठाच्या दाराशी वेळेवर येणारी बस हीदेखील हवामानाची बाब आहे, हे ध्यानात येते.

आता कचऱ्याविषयी. त्याच्या बाबतीत अंदाजाची सवय फार खोलवर गेली आहे. ‘रोज दोन ट्रॉल्या जातात’ हे काही माप नव्हे. शास्त्रशुद्ध रीत अशी की प्रत्येक ऋतूत किमान सात दिवस सलग आवारातील सारा कचरा वजनकाट्यावर घालावा, एका ताडपत्रीवर पसरून वेगळा करावा आणि प्रत्येक प्रकाराचे वजन स्वतंत्र लिहावे. परीक्षेचा, सुटीचा आणि स्नेहसंमेलनाचा आठवडा यांत मोठा फरक पडतो, म्हणून एका आठवड्यावर विसंबू नये. घनकचऱ्याच्या २०१६ सालच्या नियमांनी रोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांना मोठ्या कचरा-उत्पादकांत गणले आणि त्यांत विद्यापीठांचा स्पष्ट उल्लेख केला. शंभर किलो ही मर्यादा दूरची नाही. दीड हजार विद्यार्थ्यांनी दिवसभरात ताटात प्रत्येकी शंभर ग्रॅम अन्न टाकले, तरी एकट्या भोजनगृहाचा कचरा दीडशे किलो होतो.

हेच अन्न ढिगाखाली पुरले गेले तर हवेअभावी कुजून मिथेन सोडते. त्याचे खत केले तर मिथेन फार थोडा निघतो. आणि बंद टाकीत कुजवून तो वायू स्वयंपाकास जाळला तर सिलिंडरही वाचतो. म्हणजे कचऱ्याचे वजन जितके महत्त्वाचे, तितकीच त्याची वाटही महत्त्वाची. प्रयोगशाळांतील आम्ले व विद्रावके, जुने संगणक व विजेऱ्या, रुग्णालयाचा कचरा यांना कायद्याने वेगळ्या वाटा नेमून दिल्या आहेत. त्यांची नोंद इतर कचऱ्यात मिसळली, तर पुढे कोणालाच उत्तर देता येत नाही. कचरा घरोघरी वेगळा करून त्याचे मोल मिळविता येते, याचा धडा छत्तीसगडला बाहेरून आणावा लागत नाही. सरगुजा जिल्ह्यातील अंबिकापूर या लहान शहरात बचत गटांतील स्त्रियांनी हे काम हाती घेतले आणि तेथील व्यवस्था देशभर अभ्यासली गेली. त्या स्त्रियांचा पहिला नियम वेगळे करण्याचा आणि दुसरा तोलण्याचा. विद्यापीठांनी तो त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

येथवरचे सर्व अंकगणित झाले. खरी कसोटी पुढे लागते, कारण खोटा आकडा न लिहिताही हिशेब फसवा करता येतो. सीमा आखताना वसतिगृहे कंत्राटदाराकडे आहेत म्हणून वगळली, की निम्मा भार कागदावरून नाहीसा होतो. तुलनेचे वर्ष निवडतानाही असाच मोह होतो. २०२०-२१ साली महामारीमुळे वर्ग आणि वसतिगृहे ओस पडली होती. त्या वर्षाची घट कोणी आपल्या कर्तबगारीच्या खाती जमा केली, तर आकडे खरे असूनही विधान खोटे ठरेल. झाडांचेही तसेच आहे. वाढलेले झाड जात, वय व जमीन यांप्रमाणे वर्षाला साधारण दहा ते पंचवीस किलो कर्बवायू शोषते. वीस किलो धरले, तरी पंख्यांच्या बदलाने वाचणाऱ्या ७५ टनांसाठी पावणेचार हजार झाडे वाढवावी, जगवावी आणि राखावी लागतील. वृक्षारोपण इष्टच आहे. पण रोपे लावण्याच्या समारंभाचे छायाचित्र म्हणजे जमेची नोंद नव्हे.

कृषी विद्यापीठाचे उदाहरण याहूनही विचार करावयास लावणारे आहे. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. डॉ. रा. ह. रिछारिया यांनी जमविण्यास आरंभ केलेला भाताच्या देशी वाणांचा अमोल ठेवा या विद्यापीठाकडे असून त्यात तेवीस हजारांहून अधिक नमुने आहेत. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिले की मातीतील सूक्ष्म जीव मिथेन निर्माण करतात. त्यामुळे विद्यापीठाची प्रयोगाची शेते त्याच्या पहिल्या वहीत खर्ची पडतात. उलट, खाचर आळीपाळीने भिजवून व सुकवून मिथेन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटविता येतो. पण ही रीत विद्यापीठाने हजारो शेतकऱ्यांना शिकविली, तर तो लाभ शेतकऱ्यांच्या शेतात होतो, विद्यापीठाच्या वहीत नाही. केवळ बेरजेवरून कायद्याचे विद्यापीठ आणि शेतीचे विद्यापीठ यांची तुलना केली, तर जे राष्ट्राच्या अधिक उपयोगी पडते तेच दोषी दिसेल. संस्थेची तुलना प्रथम तिच्या स्वतःच्याच मागील वर्षांशी करावी, हा नियम यासाठीच आहे.

म्हणून चांगल्या अहवालात बेरजेआधी काही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असतात. कोणत्या इमारती धरल्या व कोणत्या वगळल्या, गुणक कोठून घेतले, कोणता आकडा मोजलेला आणि कोणता अंदाजाचा, आणि बाहेरच्या कोणी तो तपासला काय. एकूण बेरीज आणि दरडोई सरासरी दोन्ही द्यावीत. कारण विद्यार्थी वाढले की सरासरी घटूनही एकूण भार वाढू शकतो. आज राष्ट्रीय मूल्यांकन परिषद महाविद्यालयांकडे पर्यावरणाच्या व ऊर्जेच्या परीक्षणाची विचारणा करते. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० साली जगातील विद्यापीठांची हरित क्रमवारी सुरू केली. यांमुळे चालना मिळाली हे खरे. पण गुणांसाठी लिहिलेला हिशेब आणि सुधारणेसाठी लिहिलेला हिशेब यांत भेद राहतोच. पहिला परीक्षकाच्या टेबलावर संपतो. दुसरा सोप्या हिंदीत वा छत्तीसगढीत भोजनगृहाच्या भिंतीवर लागतो, आणि आचारी, सफाई कामगार व विद्यार्थी तो वाचतात.

निव्वळ उत्सर्जन २०७० पर्यंत शून्यावर आणण्याचा संकल्प भारताने २०२१ साली ग्लासगो येथे जाहीर केला. आज वर्गात बसलेली मुले तेव्हा साठी-सत्तरीत असतील. त्या मुलांनाच ही वही लिहावयास द्यावी. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने गुणक पडताळावेत, वाणिज्याच्या विद्यार्थ्याने खतावणी मांडावी, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रवासाची प्रश्नावली फिरवावी. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. विजेची बिले, डिझेलच्या पावत्या आणि भोजनगृहाच्या दाराशी ठेवलेला एक वजनकाटा, एवढ्यावर पहिल्या वर्षाचा हिशेब सुरू होतो. तो अपुरा असेल, काही ठिकाणी चुकेलही. परंतु जे वगळले ते वगळले म्हणून प्रामाणिकपणे लिहिले असेल, तर पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तेथूनच पुढे लिहू लागेल.