पडद्यावरची हेरिंग

इंग्लंडच्या सरकारी खजिन्यातून चित्रपटासारख्या चैनीच्या बाबीस पैसा मंजूर करवून घेणे सोपे नाही, हे एम्पायर मार्केटिंग बोर्डाच्या दफ्तरात सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच, खजिन्याचे अर्थसचिव आर्थर मायकेल सॅम्युएल यांनी पूर्वी हेरिंग माशाच्या इतिहासावर एक ग्रंथ लिहिला होता हे हेरून, जॉन ग्रिअर्सन या स्कॉटिश तरुणाच्या पहिल्या चित्रपटास विषयही हेरिंगचाच देण्यात आला.

मंजुरी मिळाली, परंतु खुद्द हेरिंगला कोणत्याच सरकारी हुकमाची तमा नव्हती. आपल्या तारलीच्या गोतातील हा मासा ज्या सूक्ष्म कवचधारी जीवांवर पोसतो, ते दिवसा खोल पाण्यात दडतात आणि सूर्यास्तानंतर पृष्ठभागाकडे चढू लागतात, त्यांच्यामागून हेरिंगचे थवेही वर येतात, आणि काळोखात समोरचे सुती जाळे न दिसल्यामुळे कल्ल्यांपाशी त्याच्या आसांत अडकतात. यास्तव उत्तर समुद्रातील नाखवे दिवेलागणीच्या सुमारास दीड-दोन मैल लांबीची जाळी पाण्यात सोडीत आणि त्यांच्यासह रात्रभर वाहत राहत. या वाहण्यावरूनच त्या बोटींना 'ड्रिफ्टर' हे नाव पडले, व तेच पुढे 'ड्रिफ्टर्स' या रूपात चित्रपटासही मिळाले.

मासेमारीचा हा मुहूर्त कॅमेऱ्याला मात्र सर्वस्वी प्रतिकूल, कारण तत्कालीन फिल्मवरील रौप्यक्षारांचा लेप इतका मंद असे की भरपूर उजेडावाचून त्यावर प्रतिमा उमटतच नसे. तेव्हा खलाशांची अंधारी, चिंचोळी केबिन शेटलंडमधील लेरविक बंदराच्या धक्क्यावर नव्याने उभारावी लागली. पाण्याखालील दृश्ये तर प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेतील हौदात टिपली गेली. आणि हेरिंगचे खवले नुसत्या स्पर्शानेही गळत असल्यामुळे ती बंदिवासात फार काळ तग धरीत नाही, म्हणून तिची भूमिका दुसऱ्याच लहान माशांनी वठवली.

याला लबाडी म्हणण्यास माझे मन धजत नाही. मला खटकते ते एवढेच, की हौदातील ते पाणी फारच उजळ आहे. खऱ्या समुद्रात, जाळ्यात शिरण्याच्या त्या घटकेला, माशालाही जवळजवळ काही दिसत नसते. 10 नोव्हेंबर 1929 रोजी लंडनच्या फिल्म सोसायटीत, आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'सोबत, हा मूकपट प्रथम दाखवला गेला, तेव्हा त्या दिपवणाऱ्या पोटेमकिनच्या शेजारीही प्रेक्षकांनी या मासळीच्या गोष्टीचे मनःपूर्वक स्वागत केले.