ट्रॅक्टरचे सिंथेटिक ऑइल : पातळ का होते, घट्ट का होते?

ट्रॅक्टरचे ऑइल वेळच्या वेळी बदलावे हे आता कोणाही शेतकऱ्यास सांगण्याची गरज उरलेली नाही. परंतु कोणते ऑइल घालावे आणि ते किती तास चालवावे याबाबत मात्र गेल्या काही वर्षांत बराच गोंधळ झालेला दिसतो. दुकानात पूर्वी दोन-तीन प्रकारचे डबे असत. आज 'सिंथेटिक', 'सेमी सिंथेटिक', 'सिंथेटिक टेक्नॉलॉजी' अशी नावे लिहिलेले डबे मांडलेले असतात आणि त्यांच्या किमतींत दुपटी-तिपटीचा फरक असतो.

प्रस्तुत लेखक कृषिविद्या विषयाचा अध्यापक असून यंत्रे हा त्याचा विषय नव्हे. या विषयात शिरण्याचे कारण घरचेच आहे. आमच्या चुलत्यांचा ट्रॅक्टर २०२१ सालच्या जानेवारीत, भर उसाच्या हंगामात, भरलेल्या ट्रॉलीसह रस्त्यावर बंद पडला. मिस्त्रींनी चेंबर उघडले तेव्हा कनेक्टिंग रॉडची बेअरिंग गेलेली व क्रँक घासलेला आढळला. खर्च साठ हजारांच्या आसपास आला आणि हंगामातील तीन आठवडे वाया गेले. विशेष म्हणजे त्या इंजिनात चांगल्यापैकी महागडे ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइल होते. "हे ऑइल दुप्पट तास चालते," या दुकानदाराच्या शब्दावर चुलत्यांनी २५० तासांऐवजी ५०० तासांना ऑइल बदलावयाचे ठरविले होते. शिवाय त्यांना त्या ऑइलचे एक कौतुक होते. पट्टीवरची पातळी मुळीच उतरत नव्हती! या कौतुकाकडे आपण पुढे येऊ.

डब्यावरील आकड्यांचा अर्थ

ऑइलचा घट्टपणा, ज्याला शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात, तापमानाप्रमाणे फार बदलतो. साधारण १५डब्ल्यू-४० ऑइलची श्यानता ४० अंश सेल्सिअसला ११० सेंटिस्टोकच्या आसपास असते. तेच ऑइल १०० अंशांला १४ ते १५ सेंटिस्टोक इतके पातळ होते. डब्यावरील शेवटचा आकडा हा १०० अंशांच्या मापनावरून दिलेला असतो. एसएई संस्थेच्या वर्गवारीप्रमाणे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकपेक्षा कमी असलेले ऑइल ३० ग्रेडचे, १२.५ ते १६.३ पेक्षा कमी असलेले ४० ग्रेडचे आणि १६.३ ते २१.९ पेक्षा कमी असलेले ५० ग्रेडचे होय.

'डब्ल्यू' पूर्वीचा आकडा थंडीतील वागणुकीचा आहे. १५डब्ल्यू ऑइलची परीक्षा उणे २० अंशांला, तर ५डब्ल्यू ऑइलची उणे ३० अंशांला घेतात. आपल्याकडे निफाड परिसरात कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांखाली गेला तरी ती मोठी बातमी ठरते. म्हणजे सकाळी ट्रॅक्टर चालू होण्यासाठी ५डब्ल्यू ऑइल घेण्याचे महाराष्ट्रात काही कारण नाही. सिंथेटिक ऑइलचा उपयोग आपल्याला झालाच तर थंडीत नव्हे, चंद्रपूर-नागपूरकडील मे महिन्याच्या उन्हात होतो. ते कसे, हे पाहण्यासाठी ऑइल कसे बनते ते समजून घ्यावे लागेल.

ऑइलची घडण

कोणत्याही इंजिन ऑइलमध्ये मोठा भाग मूळ तेलाचा आणि उरलेला रसायनांचा असतो. कच्च्या खनिज तेलापासून साध्या शुद्धीकरणाने काढलेल्या मूळ तेलात लहान-मोठे, नाना आकारांचे रेणू असतात. लहान रेणू उष्णतेने उडून जातात, काही रेणूंचा प्राणवायूशी लवकर संयोग होतो. सिंथेटिक मूळ तेलात रेणू बरेचसे एकसारखे असतात. बियाण्याच्या भाषेत सांगावयाचे तर एक मिसळीचे बियाणे आणि दुसरे प्रतवारी केलेले. पॉलिअल्फाओलेफिन हे त्यातील मुख्य तेल इथिलीन वायूपासून रेणू जोडत जोडत बनवितात. एकट्या या तेलात रबरी सील किंचित आकसतात, म्हणून त्यात एस्टर प्रकारचे तेल थोडे मिसळण्याची पद्धत आहे.

दुसरा मार्ग खनिज तेलावरच हायड्रोजनच्या साहाय्याने मोठ्या दाबाखाली प्रक्रिया करून त्याचे रेणू मोडण्याचा व पुन्हा घडविण्याचा. यास तिसऱ्या गटाचे मूळ तेल म्हणतात. यालाही 'सिंथेटिक' म्हणावे काय, यावरून अमेरिकेत मोबिल व कॅस्ट्रॉल या कंपन्यांत वाद झाला होता. कॅस्ट्रॉलने आपल्या सिन्टेक ऑइलमधील मूळ तेल बदलून तिसऱ्या गटाचे वापरले होते आणि डब्यावर 'सिंथेटिक' हा शब्द तसाच ठेवला होता. तेथील जाहिरातींविषयीच्या तक्रारी पाहणाऱ्या मंडळाने १९९९ मध्ये निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून 'सिंथेटिक' या शब्दावरून डब्यातील मूळ तेल कोणते हे ओळखता येत नाही. तिसऱ्या गटाचे तेल वाईट असते असे मात्र समजू नये. आपल्या कामास ते उत्तम आहे. मुद्दा एवढाच की, शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आता रसायनांकडे वळू. थंडीत १५डब्ल्यू व गरम झाल्यावर ४० ग्रेड, असे दुहेरी वागणे घडविण्यासाठी लांब साखळीचे पॉलिमर मिसळतात. थंड तेलात ही साखळी सुताच्या गुंडीसारखी आवळून बसते. तेल तापले की ती उलगडून पसरते व तेलाला फार पातळ होऊ देत नाही. ज्या तेलाची श्यानता मुळातच तापमानाने कमी बदलते, त्याला पॉलिमर कमी लागते. सिंथेटिक तेलाचा हा मोठा गुण आहे. तथापि ५डब्ल्यू-४० सारखा रुंद पल्ला गाठावयाचा झाल्यास सिंथेटिक तेलातही पॉलिमर घालावेच लागते.

चालू इंजिनात काय घडते

पहिला बदल याच पॉलिमरचा. बेअरिंग, गिअर व पंपातील घासणीत लांब साखळ्या तुटतात. तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही आणि ऑइल कायमचे पातळ होते. म्हणून अलीकडच्या डिझेल ऑइलच्या परीक्षेत ते इंजेक्टरमधून ९० वेळा फवारून काढतात व त्यानंतरही ते आपल्या ग्रेडमध्ये टिकले पाहिजे अशी अट आहे. याशिवाय १५० अंशांला, जोराच्या घासणीत श्यानता किती राहते हेही मोजतात. बेअरिंग वाचते ते या मापावर. १५डब्ल्यू-४० साठी हे माप कमीत कमी ३.७, तर १०डब्ल्यू-३० साठी २.९ मिलिपास्कल-सेकंद असावे लागते. ट्रॉली ओढणाऱ्या जुन्या इंजिनात मोटारीचे ३० ग्रेडचे ऑइल घालू नये, असे मिस्त्री सांगतात ते यामुळेच.

दुसरा बदल उलट दिशेचा. गरम तेलाचा प्राणवायूशी संयोग होऊन ते घट्ट व आम्लधर्मी होते, गाळ बसतो. तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ आडाखा आहे. हलके रेणू उडून गेल्यानेही मागे घट्ट तेल उरते. रेडिएटरची जाळी भुशाने व पाचटाच्या कणांनी बुजलेली, वर उन्हाळा आणि मागे रोटाव्हेटर, अशा स्थितीत सिंथेटिक ऑइल साध्या ऑइलपेक्षा नक्कीच जास्त टिकते. पण जाळी हवेने झाडून साफ करणे फुकट आहे, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा बदल काजळीचा. डिझेल इंजिनात काजळी होणारच. ती सुटी सुटी तरंगत ठेवणे हे ऑइलमधील रसायनाचे काम आहे. त्यामुळे ऑइल काळे पडले म्हणजे खराब झाले असे नव्हे. ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. काजळीचे प्रमाण रसायनाच्या आवाक्याबाहेर गेले की कण एकत्र येतात व ऑइल दाट होते.

आणि चौथा बदल डिझेल मिसळण्याचा. इंजेक्टर टपकत असेल, फीड पंपाचा पडदा फाटला असेल किंवा इंजिन तासन् तास रिकामे चालत राहत असेल, तर डिझेल चेंबरमध्ये उतरते. पाच टक्के डिझेल मिसळले तरी ४० ग्रेडचे ऑइल बहुधा ३० ग्रेडमध्ये उतरते. चुलत्यांच्या ट्रॅक्टरला नेमके हेच झाले. त्या जुन्या इंजिनाने २५० तासांत निदान अर्धा लिटर ऑइल खावयास हवे होते. पट्टीवर पातळी कायम राहिली, कारण जळालेल्या ऑइलची जागा डिझेल भरून काढत होते. चेंबर ८ लिटरचे. अर्धा लिटर डिझेल म्हणजे सहा टक्के झाले. पुढचे २५० तास ते तसेच वाढत गेले. ऑइलचा त्यात दोष नव्हता. पंपाचा पडदा फाटला तर साधे ऑइल आणि सिंथेटिक ऑइल सारखेच पातळ होते. २५० तासांना ऑइल बदलले असते तर वास तरी आला असता.

फसविणारी गोष्ट अशी की, डिझेलने ऑइल पातळ होते व काजळीने घट्ट होते, आणि दोन्ही एकदम घडल्यास बोटांना ते ठीकच लागते. म्हणून बोटांवर विसंबू नये. रोज सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी असताना, पट्टी पुसून पातळी पाहावी व वहीत लिहावी. पातळी वाढली, किंवा ऑइल खाणारे इंजिन एकाएकी खाईनासे झाले, तर त्याच दिवशी मिस्त्रींना दाखवावे. वापरलेल्या ऑइलचा एक थेंब टीपकागदावर टाकून रात्रभर ठेवावा. राखी रंग एकसारखा पसरला तर ठीक. मध्ये गडद, काठ स्पष्ट असलेला काळा ठिपका राहिला तर काजळी साठू लागली आहे. बाहेरच्या बाजूस फिकट तेलकट कडे दिसले तर डिझेलचा संशय घ्यावा. त्याच कंपनीच्या नव्या ऑइलचा व वापरलेल्या ऑइलचा थेंब तिरप्या काचेवर शेजारी-शेजारी सोडला तर कोणता लवकर ओघळतो तेही कळते. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसल्यास त्यात पाणी आहे. इंजिन चालू करू नये.

खरेदी करताना

नावापेक्षा डब्यावरील दोन गोष्टी वाचाव्यात : ग्रेड आणि एपीआय दर्जा. डिझेलच्या दर्जाची अक्षरे 'सी' ने सुरू होतात. सीआय-४ हा दर्जा २००२ पासूनचा आहे, तर सीके-४ डिसेंबर २०१६ पासूनचा. सीके-४ ऑइल जुन्या सीआय-४ च्या जागी चालते. त्याच वेळी आलेला एफए-४ दर्जा मात्र मुद्दाम पातळ ठेवलेला असून इंजिन बनविणाऱ्याने स्पष्ट लिहिले नसल्यास तो वापरू नये. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांपैकी ज्यांत धुराची गाळणी आहे त्यांना कमी राखेचे ऑइल लागते, तेव्हा पुस्तिकेबाहेर जाऊ नये. एकाच नावाच्या डब्यातील घडणही वर्षागणिक बदलते, म्हणून मागच्या वर्षीचा अनुभव सांगणाऱ्यानेही डब्याची मागची बाजू पुन्हा वाचावी.

ऑइल बदलण्याचे तास पुस्तिकेप्रमाणे धरावेत. सिंथेटिक घातले म्हणून ते आपल्या मनाने वाढवू नयेत. ज्यांची ऊसतोडणी यंत्रे किंवा अनेक ट्रॅक्टर आहेत, त्यांनी वापरलेले ऑइल प्रयोगशाळेत तपासून मगच तास वाढवावेत. एका ट्रॅक्टरवाल्यास तो खर्च बहुधा परवडत नाही.

विहिरीवरच्या जुन्या, संथ फिरणाऱ्या डिझेल इंजिनांना यातील काहीच नको. त्यांना पुस्तिकेत सांगितलेले ३० किंवा ४० ग्रेडचे साधे ऑइल पुरते. त्यात पॉलिमर नसते, त्यामुळे तुटण्यासारखेही काही नसते.