कढीपत्त्याची पिल्ले

बालमित्रांनो, फोडणीत कढीपत्ता चुरचुरला की कशी भूक लागते, नाही? पण छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत असो की तुमच्या गावात, अंगणात हे झाड असले की एक तक्रार हमखास ऐकू येते. "अगं बाई, पुन्हा चार पिल्ले आली! आता झाडच तोडते."

थांबा! आईला आधी हे वाचून दाखवा.

झाडाभोवती उगवणारी रोपटी दोन प्रकारची असतात. काही बियांची. पिकलेली काळी फळे पक्षी खातात आणि बिया इकडेतिकडे टाकतात. बाकीचे असतात मुळांवरचे फुटवे. कढीपत्त्याची काही मुळे जमिनीत आडवी पसरतात. त्यांच्यावर डोळे फुटतात आणि कोंब वर येतो. ओळखायचे कसे? हाताने हलकेच माती बाजूला करा. सरळ खाली जाणारे स्वतःचे मूळ दिसले, तर ते बियांचे रोप. आडव्या मुळाला चिकटलेले असले, तर तो फुटवा.

मग झाड तोडले की फुटवे थांबतील? छे, उलट वाढतील! झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे द्रव्य तयार होते. ते मुळांपर्यंत उतरते आणि तिथल्या डोळ्यांना दाबून ठेवते. खोड तोडले की हा पहाराच उठतो. कुदळीने मुळे दुखावली तरी फुटवे जास्त येतात.

गंमत म्हणजे फुटवा हे झाडाचे पिल्लू नव्हेच. ते तेच झाड! अमेरिकेत युटा राज्यात 'पांडो' नावाचे ॲस्पेन झाड आहे. सुमारे ४३ हेक्टरांवर त्याची अंदाजे ४७ हजार खोडे उभी आहेत, पण मुळे एकाच झाडाची. आज मात्र ते संकटात आहे. जुनी खोडे म्हातारी होताहेत आणि कोवळे फुटवे हरणे खाऊन टाकतात. फुटवेच राहिले नाहीत, तर एवढे मोठे झाडही संपेल.

तेव्हा फुटवे उपटून फेकू नका. पावसाळ्यात वीतभर उंचीचा फुटवा निवडा. मोठ्यांच्या मदतीने त्याला मोठ्या झाडाशी जोडणारे मूळ धारदार खुरप्याने कापा. लगेच उचलू नका! दोन-तीन आठवडे तिथेच राहू द्या, म्हणजे त्याला स्वतःची मुळे फुटतील. मग मातीच्या गोळ्यासकट कुंडीत लावा, थोडे दिवस सावलीत ठेवा आणि शेजारच्या काकूंना भेट द्या.

किती लावले, किती जगले, ते वहीत टिपून ठेवा हं!