ताळेबंदापलीकडचा हिशेब

बारावी वाणिज्यनंतर मुलाने सनदी लेखापाल व्हावे, ही आपल्या व्यापारी घरांतील जुनी इच्छा. पुढे कोणते क्षेत्र निवडावे, याचे उत्तरही बहुधा ठरलेलेच असते: करसल्ला. पेढीचे काम घरीच होईल, हा त्यामागचा विचार. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून ही ओढ वाढलेली दिसते.

चाकण परिसरातील विद्यार्थ्याने मात्र एकदा सभोवार पाहावे. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाभोवती बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन यांचे कारखाने उभे राहिले आणि सुटे भाग बनविणारे अनेक लघुउद्योगही आले. त्यांना विवरणपत्र भरणारा सहज मिळतो. नगामागे खरा खर्च किती, हे सांगणारा क्वचितच भेटतो. हे काम परिव्यय लेखांकनाचे, म्हणजेच ‘कॉस्टिंग’चे.

बँकेत असताना अशाच एका लघुउद्योजकाचे कर्जखाते माझ्याकडे होते. विक्री दरवर्षी वाढत होती, तरी कॅश क्रेडिटची मर्यादा सदैव संपलेली. एका नगाचा दर ४० रुपये धरू. कच्चा माल २८, मजुरी ६. उरलेले ६ रुपये तो नफा समजत असे. वीज, हत्यारांची झीज, नापास होणारे नग आणि वाहतूक यांचे ७ रुपये कोणी मांडलेच नव्हते. प्रत्येक नगामागे एक रुपया तोटा. ऑर्डर जितकी मोठी, तितका खड्डा खोल. अखेर खाते थकले, शेडला टाळे लागले. मी स्वतः एम.कॉम. असूनही केवळ ताळेबंद पाहत राहिलो, ही खंत आजही आहे.

या विषयासाठी १९५९ च्या कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १४८ नुसार ठरावीक उद्योगांतील विशिष्ट कंपन्यांना परिव्ययाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. सनदी लेखापाल होणाऱ्यांनाही हा विषय अभ्यासावा लागतो; तो केवळ उत्तीर्ण होण्यापुरता वाचू नये.

पालकांना एक विनंती. निर्णयापूर्वी मुलाला सुटीत आठ दिवस ओळखीच्या कारखान्यात पाठवा. एका सुट्या भागाचा खर्च त्याने स्वतः मांडावा. त्यात मन रमले, तर हे क्षेत्र त्याचे. न रमल्यास कर आणि लेखापरीक्षण ही क्षेत्रे आहेतच.

आपले आजोबा हमाली, तोलाई, तूट धरून पोते दुकानात कितीला पडले, हे सांगत आणि मगच भाव बोलत. नातवाने तेच शास्त्र शिकावे, यात नवल कसले?