नवं बटण आलं, हे ॲपला कोण सांगतं?

ॲप अपडेट होतं आणि नव्या बटणाशेजारी लगेच चौकट उमटते: 'इथे दाबून पाहा.' ही चौकट दाखवणारं सॉफ्टवेअर बरेचदा वेगळ्याच कंपनीचं असतं आणि ॲपचा कोड असतो गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेवर. दोघांची गाठ घालून देतो वेबहुक. प्रोग्रामरने नवी आवृत्ती 'रिलीज' म्हणून जाहीर केली, की गिटहब आधीच नोंदवलेल्या पत्त्यावर आपणहून निरोप धाडतं: कोणता प्रकल्प, कोणती आवृत्ती. 'पोस्टमन आला का?' म्हणून सारखं दारात डोकवावं लागत नाही. झॅपिअरसारखा मधला दुवा तो निरोप वाचून पुढची हालचाल करतो.

पण निरोप खरा कशावरून? दोन्ही टोकांनाच ठाऊक असलेला गुप्त शब्द आणि मजकूर मिळून गिटहब एसएचए-२५६ पद्धतीची सही तयार करतं. ती जुळली नाही, तर निरोप फेकून द्यायचा. ही तपासणी आळसाने टाळणं म्हणजे कोणाही सोम्यागोम्याला तुमच्या ॲपमध्ये पाट्या लावू देणं! आणखी एक मेख आहे. १० सेकंदांत पोच मिळाली नाही, तर गिटहब निरोप फसला असं धरतं आणि तो स्वतःहून पुन्हा पाठवत नाही. म्हणून आधी पोच द्या, काम मागाहून करा.